बटण कुणी उघडं ठेवलं

(गारायाप गाव, फेब्रुवारी. मेरेतच्या मृत्यूनंतरच्या सातव्या दिवसाचं जेवण आटोपून माणसं पांगली आहेत. खोलीत तिघंच उरली आहेत: मेरेतची आई ओगुलसोना, त्याची बायको मायसा आणि त्याचा थोरला चुलतभाऊ हेमरा. हेमरा गॅस कचेरीत नोकरीला आहे. तुर्कमेन घरातली सून थोरल्या दिरासमोर रुमालाचं टोक दातांत धरते आणि त्याच्याशी बोलत नाही. सांगायचं ते सासूच्या कानात सांगते, सासू ते मोठ्यानं सांगते.)

ओगुलसोना: पुन्हा वाच.

हेमरा: काकू, दोनदा वाचून झालं.

ओगुलसोना: मला कमी ऐकू येतं. पुन्हा वाच.

हेमरा: तुम्हाला पलीकडच्या गल्लीतलं भांडण ऐकू येतं. बरं, ऐका. "मी, मायसा, वय अठ्ठावीस, लिहून देते की अकरा फेब्रुवारीला गॅस बंद झाल्यावर मी शेगडीचं बटण उघडंच ठेवलं आणि घराबाहेर गेले. दुपारी गॅस पुन्हा सुरू झाला, तो स्वयंपाकघरात साठला आणि स्फोट झाला. स्फोटात मेरेत..." पुढचं काय वाचू? तुम्हाला माहीत आहे.

ओगुलसोना: "गॅस बंद झाल्यावर." आपोआप झाला का? वीज पडली पाइपावर? कुणी बंद केला ते लिही की.

हेमरा: मीटर बसवायचे होते म्हणून कचेरीनं बंद केला. सगळ्या गल्लीचा केला. ते जबाबात येत नाही.

ओगुलसोना: का येत नाही?

हेमरा: छापील कागद आहे काकू. खाली एक रिकामी ओळ सोडलेली असते. बटण कुणी उघडं ठेवलं, त्याचं नाव. तिथं माणसाचं नाव लिहायचं. कचेरीचं नाव लिहायला जागाच नाही.

ओगुलसोना: कागद छापला कुणी?

हेमरा: कचेरीनं.

ओगुलसोना: मग बरोबर आहे.

हेमरा: आधी सांगायला हवं होतं असं म्हणाल, तर नोटीस लावली होती. तीन दिवस आधी. कालव्याजवळच्या खांबावर.

ओगुलसोना: तीन दिवस आधी! मेरेतला पुरायला नेलं ना तुम्ही, तेव्हा शेजारच्या बीबीशनं बोट लावून बघितलं त्या नोटिशीला. डिंक ओला होता.

हेमरा: हळू बोला. बाहेर जीपमध्ये चौकशीवाले दोघं बसलेत.

ओगुलसोना: बसू देत. चहा पाठवलाय त्यांना. कापसाच्या पऱ्हाट्यांवर उकळलेला. धुराचा वास येतो म्हणून तोंडं वाकडी करत होते मेले. म्हटलं, गॅसवरचा हवा असेल तर चीनला जा. सगळा तिकडेच चाललाय पाइपानं.

हेमरा: हे तुम्ही त्यांना म्हणालात?

ओगुलसोना: मनात म्हटलं. अजून तेवढी वेडी नाही झाले.

हेमरा: काकू, एक चांगलं सांगतो. सही झाली की दोन दिवसांत तुमची लाइन जोडून द्यायची, असं साहेबांनी कबूल केलंय. मीटरसुद्धा बसवून देतील.

ओगुलसोना: कुठं जोडणार? तीन भिंती उरल्यात आणि डोक्यावर आभाळ.

हेमरा: या खोलीत जोडू.

ओगुलसोना: या खोलीत त्याला आंघोळ घातली, हेमरा. जेवढा होता तेवढ्याला. तू पाणी ओतत होतास. इथं शेगडी मांडू?

हेमरा: माझं चुकलं.

ओगुलसोना: चुकलं म्हण आणि कागद पुढं कर. हेच शिकवतात तुमच्या कचेरीत.

हेमरा: काकू, माझ्यावर काय रागावता? मी कारकून माणूस. मला पाठवलं ते एवढ्यासाठीच, की घरातला आहे, याचं ऐकतील. आणि सरकारनं तुमचं असं काय वाईट केलं? पंचवीस वर्षं गॅस फुकट. वीज फुकट, पाणी फुकट, मीठसुद्धा फुकट. आत्ता या जानेवारीत बंद झालं सगळं. जगात कुठल्या देशानं एवढं दिलं?

ओगुलसोना: वाईट कुठं म्हटलं मी? मी तर दुवा दिला. मी लग्न होऊन आले तेव्हा वाळवंटातनं लाकडं ओढून आणायचे. उंट आजारी असला तर माझ्या पाठीवर. माझी सासू धुरानं आंधळी झाली. निळी ज्योत पहिल्यांदा या घरात आली तेव्हा ती तिच्यापुढं हात पसरून बसली होती. दिसत काही नव्हतं, नुसती ऊब कळायची. म्हणाली, धूर नाही गं, खरंच धूर नाही.

हेमरा: हे तुम्ही दर जेवणाला सांगायचात.

ओगुलसोना: मग फुकट झाला. फुकट झाल्यावर कोण विझवणार? काडेपेटीला पैसे पडतात, गॅसला नाही. सकाळी पेटवली की पेटवली. रात्री खोली गरम, सकाळी चहाला तयार. सगळं गाव हेच करत आलं. तुझी बायको काय करते?

हेमरा: आमचीही पेटलेलीच असायची. मागच्या आठवड्यापर्यंत.

ओगुलसोना: "तुझी चूल कधी विझू नये." लग्नात हाच आशीर्वाद देतो ना आपण? मी नाही विझू दिली. यात माझं काय चुकलं सांग.

हेमरा: मेरेतला पटत नव्हतं.

ओगुलसोना: मेरेतचं डोकं इस्तंबूलनं फिरवलं. तीन वर्षं राहून आला आणि येता-जाता बटण बंद करायला लागला. तो बंद करायचा, मी पेटवायची. तो पुन्हा बंद करायचा. दिवसाला चार-चार काड्या जायला लागल्या. मग मी कमरेच्या पिशवीतल्या काड्या मोजायला लागले, तर हा हसायचा.

हेमरा: मला सांगायचा तो तिकडचं. हॉटेलात भांडी घासायला कुठली कुठली पोरं होती म्हणे. किरगिझ पोरगा म्हणायचा, आमच्याकडे सरकार गरिबाला कोळसा देतं. इराणी म्हणायचा, आमचं पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त. हा म्हणायचा, हात्तिच्या, आमच्याकडे गॅस फुकट, वीज फुकट. तुर्क मालकानं ऐकलं एकदा. म्हणाला, एवढं सगळं तुमची सरकारं देतात, तर माझ्याकडे खरकटी ताटं कशाला घासताय?

ओगुलसोना: मग यानं काय सांगितलं?

हेमरा: पुढचं ताट घेतलं म्हणाला.

ओगुलसोना: मला म्हणायचा, आई, फुकट काही नसतं. आपल्या पगारातनं ते आधीच कापून घेतलेलं असतं. आणि वर आपल्या हाताला बंद करायची सवय लागत नाही, ते वेगळंच. मी म्हटलं, जा मग, तुर्काच्या मोरीत जाऊन बस, तिथं हाताला सवय लागेल.

हेमरा: कधी म्हणालात असं?

ओगुलसोना: अकरा तारखेला. सकाळी. तो कामावर निघाला होता, बूट घालत होता. त्यानंतर काही बोलणं नाही झालं आमचं.

हेमरा: काकू, पाणी देऊ?

ओगुलसोना: नको. विचार काय विचारायचं ते.

हेमरा: नियमाप्रमाणं सूनबाईच्या तोंडून यायला हवं. विचारा तिला. गॅस गेला तेव्हा ती कुठं होती?

ओगुलसोना: सांग गं.

मायसा: शेगडीपाशी होते. तुम्हाला माहीत आहे, आई.

ओगुलसोना: शेगडीपाशी होते म्हणते.

हेमरा: किती वाजले होते?

मायसा: अकरा वाजून गेले होते. ज्योत आधी बारीक झाली, मग पिवळी पडली, मग गेली. मी बटण बंद केलं. त्यांनी सांगून ठेवलं होतं, गेली की आधी बंद कर, मग बाकी सगळं.

ओगुलसोना: अकराच्या पुढं म्हणते. ज्योत गेली. पुढचं आठवत नाही.

हेमरा: एवढं बोलली, आणि एवढंच?

ओगुलसोना: रडत रडत बोलते. अर्धं मलाच कळत नाही.

मायसा: मी रडत नाहीये, आई.

हेमरा: बाहेर कधी गेली?

मायसा: दीडला. जेरेनला पलीकडच्या गावच्या बालवाडीतनं आणायला. त्याआधी तुम्ही आत येऊन गेला होता.

ओगुलसोना: दीडला गेली म्हणते. पोरीला आणायला.

हेमरा: आणि तुम्ही तेव्हा कुठं होता?

ओगुलसोना: बीबीशकडे. रजई शिवायला. जबाब तिचा आहे की माझा?

हेमरा: तिचा, तिचा. बरं. कचेरीतला तपासणारा सांगतो, बटण पूर्ण उघडं होतं. आणि तुमची शेगडी ही थोरली, लग्नाच्या जेवणाची. खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या.

ओगुलसोना: फेब्रुवारी आहे. मग काय वारा घेऊ आत?

हेमरा: मी नुसतं सांगतोय. मेरेत सव्वातीनला आला. दारातच त्याला वास आला असणार. तुम्ही दोघी आत आहात असं वाटलं त्याला. बीबीश म्हणते, हाका मारत आत धावला. तेवढ्यात फ्रिज सुरू होऊन ठिणगी पडली असावी. बटणापर्यंत त्याचा हात पोचलाच नाही.

ओगुलसोना: बीबीश काय सांगते? मीही ऐकलं की. भिंतीपलीकडे तर होते. सुईत दोरा ओवत होते. त्याचा आवाज ऐकला आणि म्हटलं, आले साहेब, आता बटणाच्या मागे लागणार. सुई खाली ठेवली नाही मी.

हेमरा: काकू...

ओगुलसोना: पुढं विचार.

हेमरा: एकच राहिलं. शेगडीमागच्या फटीत काड्या सापडल्या. तीन. ओढलेल्या, नव्या. गॅस गेल्यावर कुणीतरी पुन्हा पेटवून बघितलं असणार. तिनंच ना?

मायसा: काडेपेटी तुमच्या कमरेला असते, आई. आठ वर्षांत या घरात मी एकही काडी ओढलेली नाही.

ओगुलसोना: हो म्हणते. तिनं बघितलं पेटवून.

हेमरा: कुठल्या काडेपेटीनं?

ओगुलसोना: घरातल्या. काडेपेटीला काय नाव असतं?

हेमरा: मी नऊ वर्षांचा असताना तुमच्या पिशवीतली काडेपेटी पळवली होती. फटाके उडवायला. तुम्ही मला चप्पल घेऊन कालव्यापर्यंत पिटाळलं होतं. त्या पिशवीत दुसऱ्या कुणाचा हात गेलेला या गावात कुणी पाहिलेला नाही.

ओगुलसोना: जुन्या गोष्टी कशाला उगाळतोस?

हेमरा: हो. जुन्या गोष्टी. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही. काड्यांचं मी लिहीतच नाही.

ओगुलसोना: हेमरा.

हेमरा: नाही, आता माझं ऐका. मला काही कळलेलं नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. नाव हिचं लिहिलंय, हिचंच राहू दे. तरुण आहे. दोन वर्षं, फार तर तीन. बायकांच्या तुरुंगात गणवेश शिवून घेतात, बसून काम असतं. तुम्ही सदुसष्टच्या. तुम्ही गेलात तर तिथनं परत येणार नाही.

ओगुलसोना: हिच्यासमोर बोलतोस हे?

हेमरा: हिलाही कळू दे. आणि जेरेनचा विचार करा. ही तुरुंगात गेली तर पोर तुमच्यापाशी राहील, बापाच्या घरात. हिचं नाव नसेल तर उद्या हिचे भाऊ येतील आणि दोघींना घेऊन जातील. मग मेरेतचं काय उरणार तुमच्याकडे? तीन भिंती?

ओगुलसोना: तुला वाटतं मला हे सुचलं नव्हतं?

मायसा: द्या पेन. मी करते सही.

हेमरा: काय म्हणते?

ओगुलसोना: सही करते म्हणते.

हेमरा: बघा. तुमच्यापेक्षा शहाणी आहे. इथं, या ओळीच्या खाली. सावकाश.

मायसा: जेरेनचा हात शेगडीला पुरायला लागला की तिला शिकवा, आई. पेटवायच्या आधी बंद करायला शिकवा. त्यांच्या मनात होतं.

हेमरा: आता काय म्हणाली?

मायसा: आणि तिला माझं काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

हेमरा: काकू? काय म्हणते ती?

ओगुलसोना: पेन घे तिच्या हातातनं.

हेमरा: म्हणजे?

ओगुलसोना: घे म्हणते ना! तिनं बटण बंद केलं होतं. मघाशी तेच सांगितलं तिनं, अगदी स्पष्ट सांगितलं. मी गिळलं. प्रत्येक वेळी गिळलं. तू समोर बसून लिहीत होतास आणि मी गिळत होते.

हेमरा: काकू, थांबा. बाहेर माणसं आहेत.

ओगुलसोना: बाराला मी आत गेले. ज्योत नाही, बटण बंद. मला वाटलं, झालं, आता सूनही तुर्काची झाली. दोघं मिळून माझी चूल विझवतायत. हिला बोलले. हिच्या आईला बोलले. हिच्या माहेरच्या मेलेल्यांनासुद्धा सोडलं नाही. ही म्हणत होती, आई, गॅस गेलाय. मी ऐकतेय कशाला? बटण उघडलं, काडी ओढली. पेटेना. दुसरी ओढली. तिसरी ओढली. चौथी हातात घेतली आणि परत ठेवली.

हेमरा: का?

ओगुलसोना: वाया जाईल म्हणून. एक काडी, हेमरा. एक काडी वाया जाईल म्हणून ती पेटीत ठेवली, पेटी पिशवीत ठेवली, आणि रजई शिवायला गेले. बटण तसंच. बंद करायचं असतं हे या हाताला ठाऊकच नाही. पंचवीस वर्षांत कधी केलं नाही.

हेमरा: मी हे ऐकलं नाही.

ओगुलसोना: ऐकलंस. आणि मी मेली, दुसऱ्याच दिवशी तुला हिचं नाव सांगितलं. त्याला पुरून चोवीस तास झाले नव्हते. तू म्हणालास तेच माझ्या मनात होतं. जेरेन माझ्यापाशी राहील. आणि गावात कुणी म्हणणार नाही की आईनं मारलं.

मायसा: भावोजी.

हेमरा: कोण... सूनबाई, तू?

ओगुलसोना: रुमाल धर गं तोंडावर! थोरला दीर आहे.

मायसा: नाही धरत, आई. भावोजी, मीही पाहिलं होतं.

हेमरा: काय पाहिलंस?

मायसा: दीडला निघताना. बटण पुन्हा उघडं होतं. मी हात पुढं केला होता. पण एवढी बोलणी खाल्ली होती. म्हटलं, परत बंद केलं तर परत ऐकावं लागेल. माझ्या आईला परत काही बोलतील. म्हटलं, कामावरनं ते आले की ते करतील. हात मागं घेतला आणि जेरेनचा स्वेटर घेऊन निघाले.

ओगुलसोना: तू मला कधी सांगितलं नाहीस हे.

मायसा: तुम्ही विचारलं नाही. सात दिवसांत तुम्ही मला काहीच विचारलं नाही.

हेमरा: झालं का दोघींचं? आता मला बोलू द्या, नाहीतर माझंही राहून जाईल. दोनला गल्लीचा व्हॉल्व्ह मी उघडला.

ओगुलसोना: तू?

हेमरा: मी. माणसं मीटरला गुंतली होती म्हणून मला पाठवलं. गॅस सोडायच्या आधी भोंगा लावून गाडी फिरवायची असते. बटणं बंद करा, गॅस सोडतोय, असं ओरडत. गाडी त्या दिवशी साहेबांच्या पाहुण्यांना विमानतळावरनं आणायला गेली होती. मग दारोदार जाऊन सांगायचं असतं. बावन्न दारं. बोटं गारठली होती. म्हटलं, नोटीस लावलीच असेल कुणीतरी. आणि उघडला.

ओगुलसोना: बावन्नातलं एक दार तुझ्या काकाचं होतं.

हेमरा: माहीत आहे.

ओगुलसोना: भावाच्या जनाज्याला पहिला खांदा तू दिलास.

हेमरा: माहीत आहे, काकू.

ओगुलसोना: मग तुझंही नाव लिही. तिघांची लिही. आणि चौथं त्या साहेबाचं, ज्याला पाहुण्यांना आणायचं होतं.

हेमरा: एकच ओळ आहे. माझं लिहिलं तर उद्या सकाळी मला काढतील आणि दुसरा कारकून नवा कागद घेऊन येईल. तो तुम्हाला काकू म्हणणार नाही. तो सरळ हिचं लिहील, विचारणारसुद्धा नाही.

मायसा: माझंच राहू दे मग. मी पाहिलं होतं.

ओगुलसोना: गप्प बस. आठ वर्षं तोंड उघडलं नाहीस आणि आता थांबत नाहीस. तुझे भाऊ उद्या येतायत ना? येऊ देत. जेरेनचे सगळे कपडे घे, लोकरीचे वरच्या पेटीत आहेत. तिला तुझ्याजवळ निजव. तिला रात्री घाबरायला होतं.

मायसा: तुम्हाला सोडून मी कुठं जाणार?

ओगुलसोना: जिथं तुला कुणी बोलणार नाही तिथं जा. माझ्याजवळ राहिलीस तर मी उद्या पुन्हा बोलेन. मी मला ओळखते. जित्याची खोड आहे ती.

हेमरा: काकू, विचार करा. पोरगी निघून जाईल, तुम्ही आत जाल, घर मोकळं पडेल. मेरेतच्या चाळिसाव्याला दिवा लावायला कुणी राहणार नाही.

ओगुलसोना: चाळिसावं तू कर. तेवढं तर तुझ्याकडे निघतंच. कोरा कागद आहे?

हेमरा: एक आहे.

ओगुलसोना: काढ. आणि हा फाड. माझ्यासमोर फाड, चार तुकडे कर. हां. आता लिही. नीट अक्षरात, तुमच्या साहेबाला वाचता आलं पाहिजे.

मायसा: भावोजी, नका लिहू.

हेमरा: सूनबाई, मी काय करू तूच सांग. मला नाही कळत आता.

ओगुलसोना: तिला काय विचारतोस? मी सांगते. लिही. बटण कुणी उघडं ठेवलं?

हेमरा: ओगुलसोना.

ओगुलसोना: बापाचं नाव लाव. बेवारशासारखं नुसतं नाव काय लिहितोस?

हेमरा: लावलं. वय सदुसष्ट. राहणार गारायाप.

ओगुलसोना: काड्यांचंही लिही. तीन ओढल्या, चौथी ठेवली.

हेमरा: त्याला जागा नाही.

ओगुलसोना: राहू दे मग. पुढं काय आहे?

हेमरा: पुढं एक रकाना आहे.

ओगुलसोना: कसला?

हेमरा: मयताशी नातं.

ओगुलसोना: लिही की.

हेमरा: नाही लिहवत, काकू.

ओगुलसोना: दे इकडं पेन. आई एवढा शब्द मला लिहिता येतो.